मोक्काची नवी सोबतीण

माझा गिनीपिग मोक्का, त्याची जोडीदारीण मिराबेल सोमवारी गेली आणि बुधवारी माझी धाकटी बहीण इडा दारात हजर. हातात पेटी, पेटीत दुसरी. चितेची राख निवायच्या आत कुणी सोयरीक घेऊन यावं, तशातली गत.

"मोक्काला एकटं ठेवता येणार नाही, रेगुला. कायदा तुलाही माहीत आहे," ती म्हणाली.

गिनीपिग एकटा पाळायचा नाही, असा आमच्या देशात कायदाच आहे; आमच्या थुरगाउ परगण्यातल्या शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. पण मोक्का एकटा होता कुठे? मी होते ना. संध्याकाळी स्वयंपाक आवरला की तो माझ्या हनुवटीखाली येऊन बसायचा, डोळे मिटायचा. माझ्या नवऱ्याच्या मांडीवर तो कधी टिकला नाही, इडाच्या तर नाहीच. या जगात इडापेक्षा मी ज्याला जास्त आवडते असा तो एकच जीव.

टाकून दिलेले गिनीपिग सांभाळायचं काम इडा आमच्या वडिलांच्या गोठ्यात करते. कंटाळलेले लोक तिच्या दारात खोकी ठेवून जातात. सगळं तिच्याच दारात जातं. लहानपणी गावातली मांजरं, मग वासरं, शेवटी आमची आई. आई होती तोवर दर रविवारी मी लोण्यातला वेणीपाव घेऊन तिला भेटायला जायची आणि पाहुण्यासारखी खुर्चीवर बसायची. भरवायचा चमचा इडाच्या हातात.

"हिचं नाव ओल्गा. महामार्गाच्या कडेला कुणीतरी सोडून गेलं होतं. उसनी देतेय. मोक्का आहे तोवर ठेव, मग मला परत दे."

एवढं बोलून तिने माझ्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. मोक्काचा वास राहिला तर तो जागेवर हक्क सांगेल म्हणून फरशी पुसली, धुतलेल्या चादरी अंथरल्या, मधोमध वाळल्या गवताचा ढीग घातला. लपायच्या खोक्यांना दोन-दोन दारं कापली, म्हणजे कुणी आत कोंडलं जाणार नाही.

"दात वाजवतील, अंगावर जातील. मोठं कोण ते ठरवतात. हात घालू नकोस. रक्त आलं तरच घाल. मधेच वेगळं केलंस तर पुन्हा पहिल्यापासून सगळं."

मोक्काला सोडलं. सहा वर्षांचा म्हातारा, सकाळी पाय धड उचलत नाही. ओल्गाला बघितलं मात्र, आणि घुर्र घुर्र करत, ढुंगण हलवत तिच्याभोवती फेर धरला. माझ्यासाठी त्याने असा आवाज कधी काढला नव्हता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

इडाची पाठ वळली आणि ओल्गाने दात वाजवले. मी मोक्काला उचललं, वरच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"सवत आल्यासारखी करतेस," वर्तमानपत्रामागून माझा नवरा एमिल म्हणाला.

"चावेल ती त्याला."

"नुसते दात वाजवतेय. तूही वाजवतेस. मी कधी तुला उचलून वर ठेवलं का?"

शनिवारी इडा आली तेव्हा मोक्का माझ्या मांडीवर होता आणि ओल्गा खोक्यात एकटी.

"नाही जमत दोघांचं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "ओल्गा माझ्याकडे पाचजणींत राहत होती. कुणाशी भांडली नाही. ठीक आहे, दोघांनाही घेऊन जाते. मोक्का माझ्या कळपात रमेल."

माझ्या मांडीवरून तिने त्याला अलगद उचललं, खाली चादरीवर सोडलं आणि पेटी उघडायला वाकली. तो तिच्या हातात गप्प राहिला, धडपडलासुद्धा नाही. माझा तोल गेला.

"ने की. दुसऱ्याचं ओढून न्यायचं, एवढंच तुला जमतं. आईलाही असंच नेलंस."

इडा सरळ उभी राहिली.

"मी नेलं? तुझा जिना तिला चढवेना म्हणून तूच आणून सोडलीस. मी भरवलं, मी पुसलं, मी कूस बदलली. आणि मला ती रेगुला म्हणायची. रोज. 'मी इडा आहे गं' म्हटलं की तोंड फिरवायची. मग मी म्हणणंच सोडलं. तुझं नाव लावून मी तिला सूप पाजलंय."

मला हे ठाऊक नव्हतं. बहिणीसाठी जीव तुटायला हवा होता. खरं सांगते, तुटला नाही. पोटात गरम गरम काहीतरी पसरलं, थंडीत घोटभर दारू घेतल्यासारखं.

"हळू बोला. ते जेवतायत," एमिल म्हणाला.

आमच्या भांडणात त्या दोघांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दात वाजून थांबलेही होते. गवताच्या ढिगाशी ओल्गा चरत होती आणि तिच्या कुशीला कूस लावून मोक्काही. मी हाक मारली. त्याने मान वर केली नाही.

"जमलं," म्हणत इडाने रिकामी पेटी मिटली. "राहू देत इथेच."

ते दृश्य मला बघवेना. मी तिच्यामागून दारापर्यंत गेले आणि तिची बाही धरली.

"आई खरंच माझं नाव घ्यायची?"

"सांगितलं ना."

"पुन्हा सांग."

"रेगुला, नको ना."

"एकदाच."

तिने पेटी खाली ठेवली आणि पुन्हा सगळं सांगितलं. आई कशी हाक मारायची, कशी तोंड फिरवायची. सुपापर्यंत येता येता तिला रडू फुटलं. मी बाही सोडली नाही. "मग पुढे?" म्हणाले.