राखलेले पन्नास

“अक्का, ते पन्नास सोडा आता,” कृष्णराज दारातूनच म्हणाला. “चित्र अडकायलंय. बुवांचं तोंड उघडं ते उघडंच.”

सत्यभामाबाईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. तेरमध्ये घरोघर इंटरनेट पुरवणाऱ्या कृष्णराजच्या या खोलीत त्या नऊ वर्षं बसत होत्या. धाराशिवहून येणारी पाचशे एमबीची लाइन कुणाला किती द्यायची, हे त्या बघत. त्यातले पन्नास त्यांनी वस्तीवरच्या दवाखान्यासाठी बाजूला बांधून ठेवले होते. तिथली नर्स श्रावस्ती त्यावरून रोग्याच्या हृदयाचा आलेख धाराशिवच्या डॉक्टरांना पाठवी. महिन्यातून एखादा. कधी तोही नाही.

आज सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. बुवांचा गळा असा, की ऐकणाऱ्याच्या हातात आपोआप टाळ यावेत. कृष्णराजनं ते घरोघर थेट दाखवायचं कबूल केलं होतं आणि पुण्याचे पाहुणे फोनवर फोन करत होते.

“रिकामंच पडलंय की ते. कोण येणाराय आज?”

“ते मला ठाव असतं तर बांधून कशाला ठिवलं असतं?” बाई म्हणाल्या. “आचारी शेवटच्या पंगतीचा भात झाकून ठिवतो. किती पानं बसतील, त्याला तरी कुठं ठाव असतं? पयल्या पंगतीनं कितीबी मागू द्या, त्यो झाकण काढत न्हाय.”

दोन वर्षांमागं वीणेकरी धोंडीबाच्या छातीत कळ आली, तेव्हा गावभर क्रिकेटचा सामना चालू होता. आलेख जाईना. अकरा मिनिटं पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. वेळेत गेला असता तर माणूस वाचला असता का, हे कुणालाच सांगता आलं नाही. पन्नास त्यानंतरचे.

कृष्णराजनं माउसकडे हात नेला. बाईंनी त्यावर आपला पंजा ठेवला आणि दुसऱ्या हातानं गर्दी कुठून येतेय ते दाखवलं. मंडपात लावलेल्या त्यांच्याच वायफायवरून. दोनशे फोन. समोर बसलेली माणसंच, आपण दिसतो का, ते बघत होती.

पडद्याला कुलूप घालून त्या उठल्या. मंडपात अभंगाची ओळ संपेपर्यंत हात जोडून थांबल्या.

“बुवा, माफी असावी. हितं बसलेल्यांनी फोन खिशात घालावा. देव पुढ्यात उभा हाय, त्याला काचेत काय बघायलाव?”

मंडप हसला. बुवाही हसले आणि त्यांनी खिशातला स्वतःचा फोन काढून बंद केला. घरोघरचं अडकलेलं चित्र पुन्हा हलू लागलं.

कृष्णराज मात्र खोलीत वाट बघत उभा होता. पाहुण्यांसकट साऱ्या गावानं बाईंचं ते मधेच टोकणं थेट ऐकलं होतं.

“चारचौघांत शोभा केली माझी. उद्यापासून येऊ नका.”

“उद्याचं उद्या. आज दोनपर्यंत माझी पाळी हाय.”

त्या बसून राहिल्या. दवाखान्याकडून काहीच आलं नाही. पडद्यावर त्याच्या वापराची रेघ तळाशी सपाट पडून होती. दोन वाजता पासवर्ड लिहून द्यायला त्यांनी कोरा कागद घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘पन्नासला हात लावू नये.’ त्याखाली दोनदा रेघ ओढली. मग पासवर्ड लिहिला.