व्याह्यांना दिलेलं कलम

आमच्या विहिरीजवळचं मोसंबीचं झाड म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. भलत्याच वेळी फुलायचं आणि फळांनी नुसतं लगडायचं. फळ लिंबाएवढं, साल जाड, रस चमचाभर. पण ह्यांना फक्त संख्या दिसायची. "चारशे धरलीत," असं आल्यागेल्याला सांगून हे एकेक फोड हातावर ठेवायचे. आलागेला तोंड वाकडं करून "वा" म्हणायचा.

त्याच झाडाचे डोळे, म्हणजे कोंब, दुसऱ्या रोपांवर बांधून ह्यांनी कलमं केली आणि लेकीच्या लग्नात एक व्याह्यांना भेट दिलं. व्याह्यांची स्वतःची मोसंबीची तीनशे झाडं. तरी पाच वर्षं फोनवर ह्यांचा पहिला प्रश्न कलमाचा, लेकीचा नंतर.

यंदा आमचं झाड एका बाजूनं वाळायला लागलं. कृषी खात्याच्या तपासणीवाल्या बाई फांदी घेऊन गेल्या आणि आठ दिवसांनी सांगायला आल्या, "विषाणू आहे, काका. असं झाड मरण्याआधी बेफाम फुलतं, फळं मात्र बारीक राहतात. रोग कलमातून जातो आणि मग मावा कीड तो बागभर पसरवते."

हे ज्याला कर्तबगारी समजत होते, ती झाडाची घरघर निघाली. "तीनशे झाडं," एवढंच म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे लेकीचं घर आलं.

फोनवर सांगवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी व्याह्यांकडे गेलो. हे पाऊण तास हवापाण्यावरच बोलत बसले. शेवटी मी ह्यांच्या पायावर पाय दिला, तेव्हा ह्यांनी हात जोडले.

"मी दिलेलं कलम रोगट आहे. आजच उपटा. सगळी बाग तपासून घ्या."

ह्यांनी चूक कबूल केल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला ह्यांचा फार अभिमान वाटला.

व्याही चुळबुळले. "ते लावलंच नाही हो. पानांच्या शिरा फिकट दिसल्या, म्हणून दुसऱ्याच दिवशी जाळून टाकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आणि गेल्या वर्षी साठ फळं धरली म्हणालात ती?"

"आधी चाळीस म्हणालो होतो. तुम्ही नाराज वाटलात."

मी विहीणबाईंचा हात धरून रडलेच. बाग वाचली होती.

परतताना मी म्हटलं, "देव पावला."

"पावला," हे म्हणाले. मग घराशी पोचताना, "पण लावून तरी बघायचं होतं."