कोरे दात

नवसी धवलेरी होती. वारल्यांची लग्नं लावायची ती धवलेरीनेच. गाण्यातून एकेका देवाला मांडवात बोलवायचं आणि नवरानवरीची गाठ बांधून द्यायची. उमरोळीकडच्या पाड्यांत तिचा शब्द कधी अडखळला नव्हता. पण वरचे पुढचे तीन दात पडले आणि शब्द फुसफुसत निसटू लागले. लोकांनी बोलावणं सोडलं. तेही तिने मनाला लावून घेतलं नाही. नात ठमीचं लग्न मात्र आपणच लावायचं, हा तिचा हट्ट होता. त्या आईविना पोरीला तिनेच वाढवलं होतं.

मुलगा जिवल्या, ठमीचा बाप, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर होता. त्याने तिला पालघरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडाचा ठसा घेऊन तीन दातांची अर्धी कवळी करून दिली, शेजारच्या दातांना धरणाऱ्या तारा दाखवल्या.

“आजी, रोज घाला. पंधरा दिवस मोठ्याने बोला, गा, म्हणजे जिभेला सवय होईल. रात्री काढून पाण्यात ठेवा.”

नवसीने मान डोलावली आणि घरी येऊन भलतंच केलं. कवळी नव्या लुगड्याच्या घडीत बांधून ठेवली.

“आये, घाल ना गं,” जिवल्या म्हणाला.

“लग्नाची वस्तू आदीच उष्टी करू? ठमीच्या मांडवात पयल्यांदा घालीन.”

मायेपुढे शहाणपण चालत नाही, हेच खरं.

लग्नाच्या दिवशी तिने दात बसवले. तारा हिरडीत रुतल्या. तिने देवीला हाक घातली, तर जीभ दातांवर आपटली, लाळ सुटली आणि देवीचं नाव तोंडातच मोडलं. दुसऱ्यांदा तेच. कवळी काढली तर फुसफुस, ठेवली तर बोबडं. पोरं खुदखुदली. नवऱ्याकडची धवलेरी पारू पुढे सरकली.

“नवसी, देव खोळंबलं हायत. गाणं मी धरतंय.”

पारूला दोष कसा द्यायचा? हळदीने माखलेली ठमी आजीकडे बघत राहिली आणि पारूच्या गाण्यावर तिचं लग्न लागलं. नवसीने कवळी काढून मुठीत धरली.

ठमी सासरी गेली. डॉक्टरांनी तारा नीट करून दिल्या आणि नवसी रोज कवळी घालू लागली. तिसऱ्या आठवड्यात अंगण सारवता सारवता तिने गाणं धरलं. देवीचं नाव आलं, अगदी लख्ख. मग ती थांबलीच नाही. ठमीचं, तिच्या नवऱ्याचं नाव घालून अख्खं लग्न गायली आणि शेणाच्या हातांनी तिथेच हमसून रडली.

जिवल्या धावत आला. “आये, शब्द आला तुजा!”

“आला रं,” ती म्हणाली. “पोर गेल्यावर आला.”