दोन घावांची कुसर

मित्रांनो, मी अणशीच्या लखू कुणब्याच्या परसातली जुनी कुसर आहे. कुसर म्हणजे रानातली जाई. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगते.

लखू सरकारी रानात वेली तोडायच्या कामावर होता. सागाला आवळणारी वेल दिसली की कोयत्याचे दोन घाव. एक बुंध्याशी, दुसरा डोक्याइतक्या उंचीवर, म्हणजे टोकं पुन्हा जुळायला नकोत. असल्याच एका तोडीतून त्याच्या बायकोनं, रुक्मानं, माझी मुळी उचलून परसात लावली. नवरा तोडणारा आणि बायको लावणारी, असा तो संसार.

तांदळाचं धुवण, चुलीतली राख, तिनं मला काही कमी केलं नाही. माझ्या मांडवाच्या कामट्या वाळवीनं खाल्ल्या. "चार बांबू आणा," असं ती लखूला सांगून थकली. शेवटी तिनं मला परसातल्या सागावर चढवलं. "उन्हाळ्यात साग पानं टाकतो, वेलीला ऊन गावतं," ती म्हणायची. तिसऱ्या चैत्रात मी कळ्यांनी लगडले. त्याच चैत्रात तिच्या काशीचं लग्न होतं. घरात सोन्याचा मणी नव्हता. लेकीच्या मुंडावळ्या ह्याच फुलांच्या, असं रुक्मा गावभर सांगून बसली होती.

लग्नाला चार दिवस उरले आणि जंगलखात्याचा गार्ड आला. साग कुणाच्याही परसात असो, तो सरकारचा.

"लखू, वेल काढ त्यावरची. न्हाईतर उद्या कामावर येऊ नको."

काढ म्हणाला, तोड म्हणाला नाही. पण लखूच्या हाताला काढणं एकच ठाऊक. रुक्मा ओढ्यावरून येईस्तोवर दोन्ही घाव पडले होते.

"सोडवून खाली घ्यायची व्हती," ती म्हणाली. "दोन घटकांचं काम. तुमाला तेवढंबी सुचलं न्हाई?"

"हात गेला," लखू म्हणाला. "रोज त्येच करतो न्हवं."

कळ्या उमलल्या नाहीत. काशी वाळक्या कळ्यांच्या मुंडावळ्या बांधून उभी राहिली, आणि वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला ते अजून डाचतं.

पावसात मुळापासून मला फुटवे आले. आता मला पाणी लखू घालतो. रुक्मा धुवणाचं भांडं माझ्यासमोरून नेते आणि केळीला ओतते. दर चैत्रात मी फुलते, पण फुलं कुणी वेचत नाही.

मित्रांनो, वेल लावाल तर तिचा मांडव वेळेवर घाला. चार बांबूंचंच काम असतं. लखूनंही ते केलं, चांगला भक्कम मांडव घातला. पण काशी सासरी गेल्यावर.