बावन्न चौकटींपायी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. सहाशे बारा पानांची. आधीच सांगते, मी रागावलेली आहे आणि राग गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाइंडरने माझी पानं दोऱ्याने शिवली, पाठीला कापडी पट्टी लावली आणि मला टेबलावर आपटून पाहिलं. "चाळीस वर्षं हलायची नाही ही," तो म्हणाला.

एका बसड्रायव्हरने मला विकत घेतलं. बस शेवटच्या थांब्यावर लागली की ते मला उघडत. दिवसाला दोन पानं, फार तर तीन. कंडक्टर चिडवायचा, "साहेब, या वेगाने गाडी हाकलीत तर लोक उतरून चालत जातील!" ते हसत आणि पान उलटत. कथेतला थोरला भाऊ पुरात वाहून गेला, त्या दिवशी मात्र पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांनी मला उघडलंच नाही. मला वाचायला त्यांना अकरा महिने लागले.

पुढे ते निवृत्त झाले. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मी सात वर्षं कपाटात धूळ खात पडले, पण त्याचा राग नाही. त्यांना दिसतच नव्हतं. अखेर डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर पट्टी असतानाच ते लेकीला म्हणाले, "नव्या वर्षाचा माझा एकच संकल्प. ती जाडी कादंबरी पुन्हा वाचायची. शेवट पार विसरलोय गं."

लेकीचाही संकल्प चालू होता. विमा कचेरीतल्या मैत्रिणींशी तिची पैज होती, वर्षात बावन्न पुस्तकं. भिंतीवर बावन्न चौकटींचा तक्ता. पुस्तक झालं की चौकट रंगवायची आणि फोटो सगळ्यांना पाठवायचा. वर्ष संपायला चार दिवस उरले, तेव्हा तीन चौकटी कोऱ्या होत्या. तिने मला हातात घेतलं आणि कागद कापायची सुरी आणली.

"अगं, हे काय करतेस?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"तीन भाग. बॅगेत मावतील आणि तीन पुस्तकंही होतील."

"बाबांना वाचायचीय ती!"

"चिकटवून ठेवीन रे. कळणारही नाही त्यांना."

सुरी पाठीवरून फिरली. बाइंडरने घातलेला एकेक टाका तटतट तुटला. आणि इतकं करून तिने वाचलं काय? प्रत्येक तुकड्याचं पहिलं पान आणि शेवटचं पान! तीन चौकटी रंगल्या. टाळ्या पडल्या. तिसरा तुकडा कचेरीच्या कॅन्टीनमध्ये राहिला, तो कायमचाच. उरलेले दोन तिने मागे पुठ्ठा लावून चिकटवले.

जानेवारीत बाबांनी मला हातात घेतलं. चिकटवलेल्या पाठीवरून बोट फिरवलं. नव्या डोळ्यांनी ते रोज खिडकीशी बसून वाचत. मार्चमध्ये चारशे आठावं पान उलटलं आणि पुढे नुसता पुठ्ठा.

"पुढची पानं कुठायत गं?"

"हरवली, बाबा. चुकले मी."

"असू दे. तू वाचलंयस ना? सांग मग, पुढे काय होतं?"

ती तक्त्याकडे बघत राहिली. तिला सांगता येईना.

ते ओरडले नाहीत. मला कंठ असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं! तिने तक्ता फाडला, रडली. आता दर रविवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत माझी दुसरी प्रत शोधत फिरते. अजून मिळालेली नाही. फिरू दे. बाबांनी तिला माफ केलं, मी नाही.

मित्रांनो, नव्या वर्षी खुशाल संकल्प करा. शंभर पुस्तकांचा करा, नाहीतर एकाच पुस्तकाचा. पण आम्हाला उघडलंत तर वाचा. वाचायचं नसेल तर कपाटात राहू द्या. आम्हाला धूळ सोसते, सुरी नाही.