तिसऱ्या संचातला पिकोलो

मास्तरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि या तिसऱ्या संचातही पिकोलो नाही, असं लेकीला सांगितलं. पिकोलो म्हणजे जेमतेम फूटभर लांबीची बासरी, पण सर्वांत चढ्या सुरांची आणि सगळ्या वाद्यवृंदाच्या डोक्यावरून ऐकू जाणारी.

मास्तरांनी चाळीस वर्षं बँड सांभाळला होता, ट्रम्पेटांच्या पुढ्यात उभं राहून. निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून त्यांनी पूर्ण वाद्यवृंदासाठी एक रचना लिहिली, आणि एका मोठ्या वाद्यवृंदाच्या संचालकांनी ती पाहायला मागितली. स्वरलिपी संगणकावर उतरवलेली हवी आणि सोबत ती वाजलेली ऐकवणारी फाइल हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. मुदत उद्या, सोमवारपर्यंत. जावयाने स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. पण त्याचे स्वतःचे आवाज म्हणजे दारावरच्या घंटीचे सख्खे भाऊ. मग कळलं की खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन साठवलेले संच मिळतात, आणि लिहिलेली ओळ त्या सुरांत वाजते. दहा दिवस वापरून पाहायला असे तीन संच उतरवून घेतले आणि घोळ सुरू झाला.

पहिल्यातली व्हायोलिनं गोड होती, पण प्रत्येक सूर डोळे चोळत उठल्यासारखा किंचित उशिरा यायचा. दुसऱ्यातले सगळे वेळेवर हजर, पण तालमीला नाखुशीने आल्यासारखे. तिसऱ्यात सूर टिपणारा मायक्रोफोन जवळचा, मधला की लांबचा तेही आपणच ठरवायचं होतं. मास्तरांच्या वहीत ‘पहिला बरा’ असं लिहिलेलं होतं, ते खोडून ‘दुसरा?’, आणि त्याखाली नुसतीच एक रेघ.

लेकीने नवऱ्याला फोन लावला. त्याने आपल्या घरून इंटरनेटवरून सासऱ्यांच्या संगणकाचा पडदा उघडून सगळ्या सेटिंग तपासल्या आणि पिकोलो तिन्ही संचांत जागच्या जागी आहे म्हणाला. मग आवाज उतरवून, नाचता येईना अंगण वाकडं असं तर नाही ना, अशी पुस्ती जोडली. ती हसली नाही. तिने हेडफोनची वायर काढली, स्पीकर लावले आणि मास्तरांनी दाखवलेल्या पानापासून रचना चालू केली.

व्हायोलिनं वर चढत गेली. त्यांच्याही वर, अगदी टोकाला, बारीक आणि लख्ख आवाज उमटला.

मास्तर तिच्याकडे पाहत होते. “बघ,” ते म्हणाले, “नाहीच.”

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आता स्पष्ट दिसतंय की मघाशी, हे ती दिवसातून शंभरदा विचारायची. ज्यांना अक्षरांच्या फळ्यावरची खालची ओळ दिसत नाही ते तसं म्हणत नाहीत; उजेड कमी आहे म्हणतात, फळा पुसा म्हणतात. अशा वेळी काय बोलायचं ते तिला पाठ होतं. आज ते सगळं तिने बाजूला ठेवलं. तिने तेच पान पुन्हा वाजवलं, मग दुसरा संच लावून, मग पहिला. तिन्ही वेळा तो आवाज आला.

तिसऱ्यांदा मास्तर तिच्याकडे पाहत नव्हते. पडद्यावर प्रत्येक वाद्याच्या ओळीपुढे आवाजाची एक हिरवी पट्टी हलत होती, आणि सर्वांत वरची पट्टी पिकोलोची होती. ती नाचत होती. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला.

“तुला येतंय ऐकू?”

“हो, बाबा.”

त्यांनी वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या, असं ती हळूच म्हणाली. जाऊ की, म्हणाले, पण उद्या सोमवार आहे. मग त्यांनी आपली खुर्ची बाजूला घेतली आणि तिची संगणकासमोर ओढली.

“कुठला चांगला वाटतो, सांग.”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“कळायचं काय त्यात. ऐक आणि सांग.”

तिने ऐकलं. पिकोलो एकट्याने सुरू होतो ती जागा त्यांनी दाखवली. तीच तिने तिन्ही संचांत लावली, पुन्हा लावली. पहिला आणि दुसरा तिला सारखेच वाटले. एकदा दुसरा जरा उजळ वाटला, नंतर नाही. तिसऱ्याच्या वेळी ती थांबली.

“यात सूर लागायच्या आधी काहीतरी येतं,” ती म्हणाली. “कुणीतरी श्वास घेतल्यासारखं.”

“श्वास ऐकू येतो?”

“बहुतेक.”

“मग तोच,” मास्तर म्हणाले. वहीतल्या रेघेखाली त्यांनी ठळक अक्षरात ‘तिसरा’ लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला होता. फाइल करायच्या आधी तिने खात्रीसाठी ती जागा पुन्हा एकदा लावली. मास्तर तिच्या खांद्याशी वाकून पडद्यावर बोटाने ओळ धरत होते. पिकोलोच्या आधी श्वास आला खरा. पण तो स्पीकरमधून आला की कानाजवळून, हे तिला नक्की सांगता येईना.

“आला?” त्यांनी विचारलं.

“आला,” ती म्हणाली.