विमान जाईपर्यंत

आमच्या वस्तीलगतचा टेगेलचा विमानतळ बंद झाला त्या दिवशी आमच्या गल्लीत लोकांनी बिअर उघडली. मला मात्र रडू आलं. विमानं आमच्या छपरांवरून इतकी खालून जायची, की चाकं स्पष्ट दिसायची. आमच्या गायनवृंदाची तालीमही त्याच गोंगाटात चालायची. डोक्यावर घरघर सुरू झाली की आम्ही ओळ असेल तिथे सोडायचो, मनात सूर धरून थांबायचो, आणि विमान गेलं की सगळे एकदम तिथूनच पुढे गायला लागायचो. कुणी खूण करत नसे.

आता विमानं गेली आणि पाठोपाठ आमची तालमीची खोलीही जायला निघाली, कारण ती ज्या चर्चच्या इमारतीत होती, ती इमारत पाडणार होते. विमानतळाच्या जुन्या इमारतीत मात्र वस्तीतल्या मंडळांना खोल्या मिळणार होत्या. ज्यांना हवी त्यांनी रविवारी जुन्या धावपट्टीवर येऊन आपली कला दाखवायची होती. खोली नाही मिळाली तर वृंद मोडणार, यात कुणालाच शंका नव्हती.

आमच्या वृंदाचा नवा संचालक लेनार्ट उत्तरेकडच्या एका खेड्यातून आलेला. माणूस गुणी, पण विमानतळ बंद झाल्यावर इथे आला. तालमीच्या वेळी बाहेरून नुसता मालट्रक गेला तरी आम्ही थबकायचो, आणि हा डोक्याला हात लावायचा.

"इर्माबाई, विमानं गेली हो. आता तरी गाणं सलग म्हणाल का?"

"सवय आहे रे. जाईल हळूहळू," मी म्हटलं.

"कधी? मी म्हातारा झाल्यावर?"

"आधी नीट दाढी तर येऊ दे तुला," मागून कुनो म्हणाला. खर्जातल्या लोकांना तोंड आवरत नाही.

रविवारी धावपट्टीवर बोचरा वारा होता. सॉसेजच्या गाडीपुढे अख्खी वस्ती जमली होती. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याच्या ऐन मध्यावर इमारतीमागे रोडरोलर सुरू झाला, आणि आम्ही सगळेच्या सगळे गप्प झालो. लेनार्टचे हात हवेतच राहिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात माझी नजर समोर गेली. हातात सॉसेज घेतलेली आमची सगळी वस्ती मान वर करून आकाशाकडे बघत होती.

रोलर थांबला. आम्ही अर्ध्यावर सोडलेल्या शब्दापासून, त्याच सुरात, एकदम उचललं. टाळ्या थांबेचनात.

खोल्या वाटणाऱ्या डिर्क्सनबाई गाणं संपल्यावर आमच्याकडे आल्या. "परत सुरू करायची खूण कुणी केली?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "एक खोली आहे. पण खिडकीबाहेर नवी घरं बांधताहेत, अजून काही वर्षं तरी धडधड चालणार. बाकीची मंडळं दारातूनच परत गेली. तुम्हाला तिथे गाता येईल?"

मी तोंड उघडायच्या आत लेनार्ट बोलला. "येईल की. आम्हाला थांबायची सवय आहे."

आम्हाला, म्हणाला तो. मी सॉसेजच्या गाडीवरून माझ्या वाट्याचं बटाट्याचं सॅलड उचललं आणि त्याच्या हातात दिलं.